नवा संगणक घेताना : विंडोज ११, लिनक्स, की जुनाच सुधारून घ्यावा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने विंडोज १० या आपल्या संगणक प्रणालीचा मोफत सांभाळ बंद केला. २०१५ साली बाजारात आलेली ही प्रणाली दहा वर्षे चालली. ज्या दुकानात हिशेबाचा आणि बिलांचा संगणक सहा-सात वर्षांपूर्वी घेतलेला आहे, तिथे बहुधा हीच प्रणाली असेल. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. तो नेहमीसारखा सुरू होतो, टॅली उघडते, बिल छापले जाते. त्यामुळे काही घडले आहे याचा पत्ताही पुष्कळांना नाही. घडले ते एवढेच, की या प्रणालीत चोराला शिरता येईल अशी फट सापडली, तर ती बुजवण्याचे काम कंपनी आता पूर्वीसारखे करणार नाही. शटर शाबूत आहे, पण कुलपाची दुसरी किल्ली कोणी बनवली तर कुलूप बदलून द्यायला कोणी येणार नाही, असा हा प्रकार होय.

कोरपना, गडचांदूर, राजुरा या बाजूच्या छोट्या व्यापाऱ्याला वाटेल की आपल्या संगणकात चोराला काय मिळणार? हा समज चुकीचा आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा विषाणू सुमारे दीडशे देशांत पसरला. तो संगणकातील सर्व फायलींना कुलूप लावी आणि किल्लीसाठी खंडणी मागे. त्याने माणसे निवडली नाहीत, फक्त फट असलेले संगणक शोधले. ती फट बुजवणारी दुरुस्ती कंपनीने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही तेच मुख्यतः सापडले. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला आणि त्याने आपल्या न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की या दुसऱ्या विषाणूची सुरुवात युक्रेनमधील एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. म्हणजे हिशेबाचे सॉफ्टवेअर हाच चोरदरवाजा ठरला.

आणि आपल्या संगणकात काय आहे, तर उधारीची खाती आहेत. शिवाय जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे जपून ठेवावी लागतात. नोटीस आल्यावर ‘संगणक खराब झाला, साहेब’ हे उत्तर चालत नाही.

कंपनीने घरगुती ग्राहकांसाठी एक वर्षाची सवलत जाहीर केली. नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळतात. त्यासाठी ३० डॉलर भरावेत, किंवा मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून संगणकाची मांडणी त्या खात्यात जतन करावी म्हणजे पैसे लागत नाहीत. ही सवलत घ्यायला हरकत नाही, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. नवे घर बांधेपर्यंत भाड्याने राहावे, तशी ती सोय आहे.

<b>आधी आपला संगणक ओळखा</b>

नवा संगणक घेण्यापूर्वी जुना कितपत कामाचा आहे ते पाहावे. विंडोज ११ ही ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली प्रणाली कोणत्याही संगणकावर चढत नाही. तिला किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर त्या यादीत येतात.

पिढी ओळखणे सोपे आहे. ‘आय-५’ किंवा ‘आय-३’ या अक्षरानंतर जो आकडा असतो तो पाहावा. आकडा चार अंकी असेल आणि १ ने सुरू होत नसेल तर पहिला अंक पिढी सांगतो : ३४७० म्हणजे तिसरी पिढी, ८४०० म्हणजे आठवी. पाच अंकी असेल किंवा १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक पाहावेत : १२४०० म्हणजे बारावी. (२०२३ च्या अखेरीपासून इंटेलने ‘आय’ हे अक्षर काढून ‘कोअर ५’, ‘कोअर अल्ट्रा’ अशी नवी नावे सुरू केली, ते सारे प्रोसेसर नवेच आहेत.) पुष्कळदा संगणक पात्र असतो, पण टीपीएम बंद ठेवलेली असते. बायोसमध्ये इंटेलच्या संगणकावर ती ‘पीटीटी’ या नावाने आणि एएमडीच्या संगणकावर ‘एफटीपीएम’ या नावाने आढळते. ती सुरू केली की काम भागते. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते चालवले की आपला संगणक पात्र आहे की नाही हे दोन मिनिटांत कळते. तेव्हा कोणाच्या सांगण्यावरून चालता संगणक भंगारात काढू नये.

अपात्र संगणकावरही युक्तीने विंडोज ११ चढवून देणारे कारागीर भेटतात. ती चढते हे खरे, पण अशा संगणकाला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. मग ज्या कारणासाठी खर्च करायचा ते कारणच उरत नाही.

<b>‘नवा’ म्हणून जुना माल</b>

असेंबल संगणकाच्या बाजारात एक प्रकार सर्रास चालतो. कॅबिनेट नवे चकचकीत, कीबोर्ड-माऊस नवा, मदरबोर्डही नवा. पण तो बोर्ड ‘एच-६१’ जातीचा आणि त्यावर बसवलेला प्रोसेसर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा, २०११-१२ सालचा. शहरांतल्या कंपन्यांनी काढून टाकलेल्या संगणकांमधून हे प्रोसेसर निघतात आणि ‘आय-५, ८ जीबी, एसएसडी, एकदम नवा’ अशा जाहिरातीने विकले जातात. भाव ऐकून माणूस हुरळतो. असा संगणक चालतो, गाणी वाजवतो, टॅलीही चालवतो. पण विंडोज ११ च्या यादीत तो नाही आणि कधी येणारही नाही. चंद्रपूर असो, आदिलाबाद असो की नागपूरचे सीताबर्डी, दुकानात पहिला प्रश्न ‘भाव काय’ हा नसावा, ‘प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय’ हा असावा. जो दुकानदार नंबर सांगायला कां-कूं करतो त्याच्याकडून उठावे.

जुना घ्यायचाच असेल तर उघडपणे जुना म्हणून घ्यावा. मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेले डेल, एचपी, लेनोव्हो यांचे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचे छोटे डेस्कटॉप दुरुस्त करून विकले जातात. त्यांची बांधणी कचेरीच्या वापरासाठी केलेली असते आणि बहुतेकांची विंडोज परवान्यासह असते. एका दुकानाच्या हिशेबाला एवढा संगणक पुरून उरतो, असे माझे मत आहे. सहा महिने किंवा वर्षाची हमी मात्र बिलावर लिहून घ्यावी.

अगदी नवा घ्यायचा झाल्यास ८ जीबी मेमरी ही कमीत कमी समजावी; ४ जीबी मेमरी आणि सेलेरॉन प्रोसेसरचा स्वस्त लॅपटॉप विंडोज ११ रडतखडत चालवतो आणि दोन वर्षांत डोकेदुखी होतो. साठवणीला एसएसडीच हवी. हार्ड डिस्क फक्त जुन्या फायली ठेवायला चालेल. २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य केंद्रांनी मेमरीची चिप मोठ्या प्रमाणात उचलल्याने तिचे भाव चढले. म्हणून घेतानाच मेमरीची एक खाच मोकळी आहे का ते पाहावे. गरज पडल्यास आणि भाव उतरल्यास नंतर वाढवता येते. काही पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डालाच डाग दिलेली असते, ती वाढत नाही.

<b>काम कोणते, त्यावर प्रणाली</b>

‘विंडोज चांगली की लिनक्स’ हा प्रश्न विचारण्याची पद्धतच उलटी आहे. आधी आपल्या कामाची सॉफ्टवेअर कोणती ते लिहून काढावे.

किराणा, कापड, सिमेंट-लोखंड, खत-बियाणे यांचे व्यापारी बहुधा टॅलीवर असतात. बंगळुरूच्या या कंपनीचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेले आहे. लिनक्सवर ते आडवाटेने चालवणारे लोक आहेत, पण दुकानाचा हिशेब आडवाटेवर ठेवू नये. टॅली ज्याला सोडायची नाही त्याने विंडोज ११ घ्यावी आणि विषय संपवावा.

उलट ज्याचे बिल वहीवर होते, जीएसटीचे विवरण वकील भरतो, आणि संगणक फक्त ई-वे बिल, बँक, ई-मेल आणि थोडा एक्सेल एवढ्यासाठी लागतो, त्याचे विंडोजशिवाय काही अडत नाही. ई-वे बिल हे ब्राउझरवर निघते. (आपल्या भागातून आदिलाबादकडे माल जातो तो आंतरराज्य ठरतो; तिथे ५० हजारांवर ई-वे बिल लागते. महाराष्ट्राच्या आत ही मर्यादा १ लाख आहे.) एकट्या मालकाच्या धंद्याला विवरणावर मोबाइलच्या ओटीपीने सही करता येते, डिजिटल सहीच्या टोकनची सक्ती नाही.

छपाई, फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचे काम करणाऱ्यांचा संसार कोरल ड्रॉवर चालतो. २००० च्या सुमारास कोरलने लिनक्ससाठी आवृत्ती काढली होती, पुढे ती सोडून दिली. त्यात श्रीलिपी आणि इनपेज जोडले की विंडोजला पर्याय राहत नाही. शिलाई-भरतकामाच्या संगणकीय यंत्रांचीही तीच गत आहे.

सर्वांत जपून पाऊल टाकावे ते लाकूड कोरणाऱ्या सीएनसी यंत्राच्या मालकांनी. चंद्रपूर-बल्लारपूरच्या सागावर ज्यांचा हात बसला आहे अशा कारागिरांनी हे यंत्र घेतले असेल, तर त्यासोबत जुना संगणक आणि ‘माक-३’ नावाचे सॉफ्टवेअर आलेले असू शकते. माक-३ जुन्या रुंद प्रिंटर पोर्टमधून यंत्र चालवत असेल तर ते ३२ बिटच्या जुन्या विंडोजवरच नीट चालते. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच निघालेली नाही. नक्षी काढण्याचे ‘आर्टकॅम’ सॉफ्टवेअर ऑटोडेस्क कंपनीने २०१८ मध्ये बंद केले. अशा वेळी कोणी ‘जुना फेका, नवा घ्या’ म्हणाला तर ऐकू नये. तो जुना संगणक यंत्रापाशीच राहू द्यावा, मात्र इंटरनेटची तार काढून टाकावी, वाय-फाय बंद करावे आणि नक्षीची फाइल पेन ड्राइव्हने न्यावी. तो संगणक उद्या मेलाच, तर ‘लिनक्स सीएनसी’ ही मोफत प्रणाली त्याच जुन्या पोर्टवरून यंत्र चालवू शकते. तिला शिकणारा हुशार मुलगा मात्र हवा.

डॉसच्या काळातील फॉक्सप्रोवरचे हिशेब अजून जपून ठेवणारे काही जुने शेठ आहेत. ते प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर उघडत नाहीत. ‘डॉसबॉक्स’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते उघडून, छापून, एकदाचे कागदावर आणावेत.

<b>लिनक्स म्हणजे काय</b>

१९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली. जगातील बहुतेक सर्व्हर आज तीवर चालतात, आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनही तिच्याच गाभ्यावर उभा आहे. तिला परवान्याचे पैसे नाहीत. आपल्या देशातही ती नवखी नाही : सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ या नावाने भारतीय भाषांसाठी लिनक्स काढली, केरळच्या सरकारी शाळांतील मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच शिकत आहेत.

दुकानात ज्या संगणकाचा प्रोसेसर चौथ्या-पाचव्या पिढीचा आहे, त्याला एसएसडी आणि ८ जीबी मेमरी घालून लिनक्स मिंट किंवा उबुंटू चढवली, तर तो मुलांच्या अभ्यासाला, अर्ज भरायला, ब्राउझरच्या कामाला आरामात चालतो. मिंटची मांडणी विंडोजसारखीच असल्याने बुजायला होत नाही. २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षेची अपडेट आहेत. चढवण्यापूर्वी ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते, आणि तेव्हा संगणकातील काहीही पुसले जात नाही. त्या चाचणीत वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर या तीन गोष्टी पाहाव्यात. एचपीचे प्रिंटर सहसा लगेच ओळखले जातात. आपल्याकडे गल्लोगल्ली असलेला कॅननचा एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर फार ओढाताण करायला लावतो; तो ज्यांच्याकडे आहे त्यांनी चाचणीशिवाय निर्णय घेऊ नये.

लिनक्सची खरी अडचण वेगळीच आहे. विंडोज बिघडली तर गडचांदूरला दुरुस्त करणारा सापडतो. लिनक्स बिघडली तर कोणाकडे जाणार? घरात, शेजारात एखादा जाणकार असेल तरच हा रस्ता धरावा. पण घरातला तरुण तो शिकला, तर त्याच्या हाती एक हुन्नर येतो हेही खरे.

एक तिसरा प्रकार आहे, आणि तोच सर्वांत जास्त चालतो. ‘डॉस’ लिहिलेला, विंडोज नसलेला स्वस्त लॅपटॉप घ्यायचा आणि दुकानदाराने त्यात चोरीची विंडोज ‘टाकून’ द्यायची. ती जागी ठेवणारे ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ विषाणूरोधक सॉफ्टवेअर बंद करूनच बसवले जातात. ज्याला पहारेकरी झोपवूनच घरात शिरावे लागते, त्याने सोबत आणखी काय आणले हे कसे कळणार? दुसऱ्याचा माल न विचारता वापरणे ही बाब वेगळीच. विंडोज हवी तर ती मुळात आलेला संगणक घ्यावा. नाही तर लिनक्स मोफत आहेच. इंटरनेटवर तीन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या ‘की’ही बहुधा मोठ्या संस्थांच्या परवान्यांतून फुटलेल्या असतात, त्या केव्हाही रद्द होतात.

<b>मराठी आणि उर्दू</b>

हा राजुऱ्याचा सारा परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्यामुळे जुन्या घरांत उर्दू कागद निघतात आणि पत्रिका, पाट्या मराठी-उर्दू दोन्हींत लागतात. एकेकाळी उर्दू म्हटले की इनपेज, हेच समीकरण होते. आता युनिकोडमुळे दोन्ही भाषा कोणत्याही प्रणालीत लिहिता येतात. विंडोजमध्ये नस्तालीक वळणाचा ‘उर्दू टाइपसेटिंग’ हा फॉन्ट येतो. लिनक्सवर ‘नोटो नस्तालीक उर्दू’ मोफत घालता येतो. मराठीसाठी विंडोज १० मध्ये २०१९ पासून उच्चारानुसार टंकनाची सोय आली, ती विंडोज ११ मध्येही आहे. श्रीलिपी किंवा सुरेखच्या जुन्या पद्धतीत लिहिलेल्या फायली मात्र नव्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर निरर्थक अक्षरे दाखवतात. संगणक बदलण्यापूर्वी त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात.

<b>लॅपटॉप की डेस्कटॉप</b>

कोरपना तालुक्यात सिमेंटचे कारखाने आहेत आणि चंद्रपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. धूळ आणि उष्णता हे संगणकाचे दोन वैरी. डेस्कटॉप उघडून ब्लोअरने झाडता येतो, त्याचा पंखा, पॉवर सप्लाय गावातच बदलून मिळतो. लॅपटॉपच्या बाबतीत हे अवघड. उलट लॅपटॉपला वीज गेल्याचा धक्का बसत नाही; डेस्कटॉपला यूपीएस घ्यावीच लागते, आणि तिची बॅटरी ठरावीक वर्षांनी बदलावी लागते. दुकानात डेस्कटॉप, घरात शिकणाऱ्या मुलांसाठी लॅपटॉप, असा माझा कल आहे. रस्त्याकडेच्या दुकानात कॅबिनेट जमिनीवर न ठेवता फूट-दीड फूट उंच ठेवावे.

<b>पैशाचा हिशेब</b>

संगणक, प्रिंटर, यूपीएस यांवर १८ टक्के जीएसटी आहे. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या संगणकावर त्याचे क्रेडिट मिळते. कंपोझिशनवाल्याला मिळत नाही. बिल दुकानाच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह हवे. आदिलाबादहून घेणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी : बिलात तेलंगणाचा एसजीएसटी लावला असेल तर त्याचे क्रेडिट महाराष्ट्रात मिळत नाही, आयजीएसटी लावलेले बिल लागते. दोनशे रुपये स्वस्त म्हणून सीमेपलीकडे जायचे आणि हजारोंचे क्रेडिट गमवायचे, असे होऊ नये. आयकरात संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा धरता येतो. मुलीच्या कॉलेजचा लॅपटॉप मात्र दुकानाच्या खात्यात घालू नये.

हप्त्यांविषयी थोडे सविस्तर. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे व्याज नाही, असे अनेक जण समजतात. शून्य टक्के व्याजाच्या योजनांत व्याज लपवलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच सांगून बँकांना त्यांपासून रोखले. आजची ‘नो कॉस्ट’ योजना अशी चालते : समजा लॅपटॉप ४५,००० चा आहे आणि हप्त्यांचे व्याज २,५०० होते. विक्रेता २,५०० ची सूट देतो, बँक ४२,५०० चे कर्ज मांडते आणि त्यावर २,५०० व्याज घेते. बेरीज ४५,००० च राहते, पण कार्डाच्या विवरणपत्रात ‘व्याज’ ही ओळ असतेच. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४५० रुपये, आणि प्रक्रिया शुल्क निराळे. ज्यांना व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहायचे आहे त्यांनी हे समजून घ्यावे. मसला काय आहे ते उलेमांना विचारावे, इथे फक्त आकडे मांडले आहेत. जो विक्रेता हप्त्यावर २,५०० सोडतो, त्याच्याकडे रोखीवर तेवढीच सूट मागण्यात काही गैर नाही. पुष्कळदा मिळते. ओळखीचा दुकानदार स्वतःच्या जबाबदारीवर, ठरलेल्या किमतीतच तीन-चार हप्ते देत असेल तर उत्तमच.

<b>जुन्यातून नव्यात</b>

नवा संगणक आला की दुकानदाराला ‘डेटा टाकून दे’ म्हणून जुना त्याच्याकडे सोडून येऊ नये. आधी टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा, तो नव्या संगणकावर उघडून मागच्या मार्चअखेरची शिल्लक जुळवून पाहावी, आणि जुना संगणक किमान एक जीएसटी विवरण भरून होईपर्यंत तसाच ठेवावा. बॅकअपची डिस्क काम झाल्यावर संगणकापासून काढून घरी कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर विषाणू तिलाही कुलूप लावतो. एक प्रत घरी, एक दुकानात, आणि जमल्यास एक ऑनलाइन. जुना विकताना त्यातील एसएसडी किंवा हार्ड डिस्क काढून स्वतःजवळ ठेवावी. घेणारा त्यासाठी भाव थोडा पाडेल, पडू द्यावा.